डाळमिलमधली लिंबू-मिरची

लोकसमजुतींचा काही उपयोग नसतो असे कोणी म्हणाले, की मी लातूरच्या एका डाळमिलची हकीकत सांगतो. विजेचे बिल फुगत चालले म्हणून मालकांनी कॉम्प्रेसरच्या नळीवर लिंबू-मिरची टांगली होती. मी लोकसमजुतींच्या अभ्यासासाठी तिचा फोटो घेत होतो.

"सर, वारा न्हाई, पंखा न्हाई, तरी हलून राहिलीय. नजर लई जबर हाय!" मालक घाबरून म्हणाले.

फिटर गफूरभाईंनी तिच्यामागे हात धरला. "शेठ, नजर कशाची? जोडातून हवा गळून राहिली, ती भरायला कॉम्प्रेसर सारखा चालून राहिलाय. तुमची वीज इथून चाललीय."

जोड आवळला आणि बिल उतरले. मालकांनी लगेच प्रत्येक जोडावर लिंबू-मिरची टांगली.

"आता तुमचाही विश्वास बसला का?" मी गफूरभाईंना विचारले.

"न्हाई सर. पण मिरची हलली की पाना घेऊन पळतो."