पाहिलेले आवाज

सन्माननीय अध्यक्ष सलीमकाका द्वेक, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते आहे ते आमचे धर्मगुरू, आदरणीय रब्बी मनाशे सित्तोन, आणि आमच्या या जेरुसलेमच्या गल्लीतल्या माझ्या माणसांनो,

सलीमकाकांनी मघाशीच बजावलंय, "मझाल, थोडक्यात आटप. रब्बींना हैफाला लेकीकडे पोचायचंय." प्रयत्न करते.

माझा धाकटा भाऊ एझ्रा समोरच बसलाय. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याची बायको माझं भाषण त्याला हातांनी सांगतेय, तेव्हा मला पदरचं काही घालायची सोय नाही!

बरोबरीची मुलं तेरा वर्षांची, म्हणजे धर्माच्या लेखी जाणती झाली, एकेक जण प्रार्थनेच्या सभागृहात पोथीपाशी जाऊन आशीर्वचन म्हणून आला. एझ्राला कुणी बोलावलं नाही. मूकबधिर माणूस अजाण बालकासारखा, असा शास्त्राचा जुना अर्थ. आमच्या बाबांनी तो मान खाली घालून मानला. एझ्रा दाराजवळच्या बाकावरच मोठा झाला, लग्न करून बाप झाला.

मग रब्बी आले. बाबा त्यांना म्हणाले, "तो तिथंच बसेल. कुणाला त्रास नाही त्याचा."

"त्याला आपला होतोय, त्याचं काय?" रब्बींनी विचारलं.

एझ्राला पोथीपाशी बोलवायचं की नाही, याचा निकाल त्यांनी लगेच दिला नाही. आमच्या घरी येऊन एझ्राकडून त्याची हातांची भाषा शिकू लागले. एकदा ‘आशीर्वाद’ म्हणायला गेले आणि ‘कांदा’ म्हणाले. एझ्रा हसून हसून खुर्चीवरून घसरला. मी म्हटलं, "या वयात कशाला हा खटाटोप?"

"अगं, त्याला समजतं की नाही हे मी ठरवायचं, आणि त्याची भाषाच मला येत नाही! पूर्वजांच्या काळी अशांच्या मनापर्यंत जायला वाट नव्हती. आता आहे."

पुढे रब्बींनी एझ्राला बोलवायचं ठरवलं आणि सभागृहात वाद पेटला. काका, सांगू ना? सलीमकाका कडाडले, "नियम मोडताय तुम्ही!"

"मोडत नाही, सलीम. पुन्हा वाचतोय."

"आणि जे ऐकूच आलं नाही, त्याला आम्ही आमेन कसं म्हणायचं?"

रब्बी म्हणाले, "देव बोलला तेव्हा सिनाय पर्वतापाशी लोकांनी आवाज पाहिले, असं लिहिलंय. पाहिले! जन्मभर शिकवलं, पण हा शब्द मला एझ्रामुळे उलगडला."

पुढच्या शनिवारी, शब्बाथच्या प्रार्थनेला एझ्राला बोलावणं आलं. त्यानं हातांनी आशीर्वचन म्हटलं. आशीर्वचन संपल्याची खूण रब्बींनी केली आणि सगळं सभागृह आमेन म्हणालं. सलीमकाकासुद्धा. बाबा मात्र एझ्राच्या हातांकडेच पाहत राहिले.

घरी आल्यावर बाबा एझ्रासमोर बसले. लाजेपायी ती भाषा ते कधी शिकलेच नव्हते. मला म्हणाले, "विचार त्याला, आमेन कसं म्हणतात?" मी विचारलं. एझ्रानं बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट हळुवार वळवून तो शब्द त्यांच्याकडून म्हणवून घेतला. बाबांनी तो पुन्हा म्हटला, आणि पुन्हा. जेवण गार झालं, कुणी उठलं नाही.

रब्बी, त्या दुपारसाठी तुमचे आभार मानायला मी उभी राहिले. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, पाहिलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, तर लेक समजून पोटात घाला.