माझी डमी निवडून आली

माझं नाव मायाक्का. म्हायेर जत तालुक्यातलंच, पर पार कर्नाटकाच्या शिवंला, तितं घरात निम्मं कन्नड आन निम्मं मराठी, अजून मला राग आला की मी कन्नडमधी बोलती, म्हंजी ऐकणाऱ्याला कळत न्हाई आन माझं मन मोकळं हुतं. ही सगळं तुमी लिवून घेनार म्हणताय तर लिवा, पर ताई, आदीच सांगती, मी काय चांगल्या मनाची बाई न्हाई. पेपरवाले आले, मोबाईलवाले आले, तेनी मला इचारलं, आई म्हणून कसं वाटतंय, मी म्हणलं लय बरं वाटतंय, आन आत नुसतं जळत हुतं. तेनी तेवढंच दावलं. तुमी इचारलंसा म्हणून खरं सांगती.

शाळा चौथीपातुर. मग लगीन, आन लगीन म्हंजी मेंढरांच्या मागं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं आन निघायचं पलूसकडं, उसाच्या मुलखात. तितलं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत्यात, खतासाठी, तेच्या बदली धान्य देत्यात. पाऊस लागला की माघारी. आठ म्हैनं रस्ता आन चार म्हैनं घर, असं एकवीस-बावीस वरीस मी काढलं. मालक माझं, बिराप्पा, अजून काढत्यात, तेंना घरात झोप लागत न्हाई. माणूस चांगला, पर बोलतोय मेंढरांसंगं जास्ती.

मला पैल्या दोन लेकी. सासू म्हणली, आता एक पोरगा हू दे. मला बी वाटलंच की, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या बारीला पलूसच्या शिवारात, कुणाच्या तरी रानाच्या बांधाला, पोत्याच्या तळवटाच्या आडोशाला बाळातीण झाले, आन झाली पोरगीच. हीच काजल. सासूनं तोंड फिरवलं. माझ्या थोरल्या जावंला, कोंडाबाईला, मूलबाळ न्हाई, ती घरी असायची, शेती बघायची. ती म्हणली, पोरीला रस्त्यानं कशाला हिंडवतीस, ठेव माझ्यापाशी, शाळंला घालती. ठेवली. काजल तिला थोरलीआई म्हणायची आन मला नुसतं आई, पर माझ्या वाट्याला वरसातनं चारच म्हैनं. मी घरी आले की पोरगी थोरलीच्या पदरामागनं मला बघायची. तवापासनंच माझ्या पोटात खडा हुता बघा. जाऊ माझी देवमाणूस, एक शब्द कदी वाकडा बोलली न्हाई, तरी मी तिच्यावर जळले. आपण दिलेल्या वस्तूवर आपणच जळायचं, तेला काय औषिद हाय का?

पुढं गुडघं गेलं माझं, मग मी रस्ता सोडला आन घरी बसले. बसले म्हंजी कसली बसतीय. आमच्या गावाला पाच वस्त्या, पानी एकीला न्हाई. उन्हाळ्यात टँकर यायचा तो गावातल्या मोठ्या लोकांच्या टाक्या भरायचा आन उरलंसुरलं आमाला. मी बायका गोळा केल्या, बचतगट काढला, टँकरच्या म्होरं आडवी झोपले. ड्रायव्हर म्हणला, मावशी, उठा, मी म्हणलं, घाल अंगावर, पर पानी वस्तीत सोडून मग घाल. तालुक्याला जाऊन सायबाच्या टेबलावर आमच्या हिरीतलं गढूळ पानी तांब्यात भरून ठेवलं, म्हणलं, प्या. तवापासनं टँकर वस्त्यांवर यायला लागला. लोक म्हणायला लागली, मायाक्का, तुमीच सरपंच व्हा. ताई, एकदा का कुणी असं कानात सांगितलं ना, की मग निघत न्हाई ते. मी शेन काढताना सुदीक मनात भाषणं करायची.

आन सरपंचपद बायकांसाठी सुटलं. गावात उड्या पडल्या. गावातलं पुढारी हायेत आण्णा, धा वरीस कारभार तेंच्या घरात, तेनी आपल्या सुनंला उभी केली. आन आमच्या पाच वस्त्या म्हणल्या, मायाक्का. मला तर अंगात आल्यागत झालं. पर तितंच गाडं आडलं. कायदा हाय, दोनच्या वर पोरं असली, आन तिसरं त्या कायद्याच्या तारखंच्या पुढं झालेलं असलं, तर पंचायतीला उभं ऱ्हाता येत न्हाई. काजल त्या तारखंच्या पुढचीच. पोटात हुती तवा कायदा हाय का काय, कुणाला ठावं, आमी उसात हुतो.

मग मी काय केलं ते ऐका, आन थुकायचं असंल तर थुका. मी जावंकडं गेले. म्हणलं, थोरले, आख्खा गाव काजलला तुझीच म्हणतोय, तू तेवढं म्हण, की पोर माझी हाय. जाऊ तांदूळ निवडत हुती, वर बघितलं सुदीक न्हाई तिनं. म्हणली, मी म्हणीन गं, माझं काय जातंय, पर तू तुझ्या तोंडानं म्हणू नगं. मी म्हणलं, अर्जावर लिवायचं म्हंजी काय तोंडानं म्हणनं व्हय? आन कॉम्प्युटरवर अर्ज भरायला गेले, कॉम्प्युटरवाल्यानं इचारलं, मुलं किती, मी म्हणलं दोन, आन थोरल्या दोघींचीच नावं सांगितली. काजल शेजारीच बसली हुती. अंगठ्याचं नख खात हुती, ल्हानपनापासनं खोड हाय तिची.

आता ह्याच्यात मी एक येडेपणा केला, आजपातुर कुणी केला नसंल. इलेक्शनला डमी अर्ज भरायची रीत असती. म्हंजी आपला अर्ज बाद झालाच, तर दुसरा आपल्याच माणसाचा तयार पायजे, आन आपला टिकला तर त्यानं माघार घ्यायची. डमी घरचाच लागतो, भायेरच्याचं काय खरं, ऐन वक्ताला फिरला तर? थोरल्या दोघी लेकी लगीन हून परगावाला, तेंची नावं हितल्या यादीत न्हाईत. जाऊ म्हणली, मला कागदातलं काय कळत न्हाई. ऱ्हायली कोण? काजल. नुकतीच एकवीस पुरी झालेली, सांगलीला कॉलेजला. तिचाच डमी भरला. जी पोर मी अर्जात लपवली तीच पोर हातानं धरून सायबाच्या म्होरं नेऊन उभी केली. आन तिच्या अर्जावर बापाचं नाव काय? बिराप्पा. माझ्या अर्जावर नवऱ्याचं नाव काय? बिराप्पा. येडी का खुळी मी! पर त्या वक्ताला माझ्या काय, पाच वस्त्यांतल्या एका शान्याच्या बी ध्यानात आलं न्हाई.

आण्णांच्या ध्यानात आलं. छाननीच्या दिवशी तालुक्याला सगळी जमली, आण्णांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठिवलं आन म्हणलं, सायेब, जरा वाचा की. सायबानं चष्मा वर केला, मला इचारलं, मावशी, ही मुलगी तुमची कोण? ताई, त्या खोलीत पन्नास माणसं. मी मनात ठरवूनच आलेले, जावंची म्हणायचं, चुलत्याच्या घरात वाढली, कागदात चूक झाली म्हणायचं, पुढचं वकील बघंल. तोंड उघडलं बी. तेवढ्यात माझ्या आदी काजलच बोलली. म्हणली, सायेब, मी थोरल्या आईची हाय. ह्या माझ्या चुलती.

चुलती! आवं, माझ्या कानात तेल तापवून वतल्यागत झालं. मला तेच म्हणायचं हुतं ना? मग? पर ते तिच्या तोंडनं आयकलं आन वीस वरसाचा तो खडा आसा वर आला, मी वरडले, कोण चुलती गं? माझी हाय ती! पलूसच्या रानात मी बाळातीण झाले, हिच्या थोरल्या आईनं काय कळा दिल्या व्हय! सायबानं पेन उचललं. झालं. माझा अर्ज बाद. लोक आता म्हणत्यात, मायाक्कानं खुर्चीपरास लेक मोठी मानली, आईचं काळीज. कसलं काळीज घेऊन बसलाय! मी जावंवर जळत हुते म्हणून खरं बोलले. आन कदी कदी मला वाटतं, पोरीनं मला वळखूनच तो खडा उकरला. तिला इचारलं एकदा. म्हणली, आई, तू पानी भरून आलीस का?

मग डमीच उभा ऱ्हायला. परचार कुणी केला? मीच की. दारोदारी हात मीच जोडलं, गुडघं धरून पाची वस्त्या मी चढले. बायका म्हणायच्या, तुमच्या तोंडाकडं बघून मत देतो. आन निवडून आली तवा गुलाल कुणावर? तिच्यावर. लोकांची तऱ्हा तर काय सांगू. कालपातुर जी म्हातारी काजलला ए पोरी, शेरडं हाकल म्हणायची, ती म्हणली, म्याडम, माझ्या पेन्शनीचं बघा. देवळापाशी बसणारी म्हातारी माणसं म्हणत्यात, काय हा पोरासोरांचा खेळ, अजून दूध पित असंल, आन तीच माणसं तिच्यासंगं फोटू काढायला धोतर सारखं करून रांगंत. शाळंतलं गुरुजी म्हणलं, मी तवाच वळखलं हुतं. काय वळखलं हुतं? पाढं येत न्हाईत म्हणून हीच पोर कोपऱ्यात उभी असायची. आण्णांची सून मातुर मला हिरीवर भेटली आन म्हणली, मामी, तुमचं बी गेलं आन माझं बी गेलं. सगळ्या गावात तेवढीच एक बाई मला माझ्यागत वाटली.

चौकात बोर्ड लागला. सर्वांत तरुण सरपंच, केस मोकळं सोडलेली काजल, एवढी मोठी. तिच्या खाली बारक्या बारक्या फोटूंची वळ, शुभेच्छुक म्हणून, त्यात गावातली चाळीस तोंडं, आन टँकरखाली झोपलेलं तोंड एकात बी न्हाई. मी तितनं जाताना दुसरीकडं बघून जायची.

मला वाटलं हुतं, सही तिची ऱ्हाईल आन कारभार माझा. गावोगावी तसंच असतंय की, बाईची सही आन नवऱ्याचा कारभार, मग आईनं केला तर काय बिघडलं? पैल्या दिवशी नवं लुगडं नेसून पंचायतीत गेले आन तिच्या शेजारची खुर्ची वढून बसले. ग्रामसेवकानं च्या बी मागवला. काजल हळूच म्हणली, आई, ती मेंबरांची खुर्ची हाय, तू बायकांत बस. हळू म्हणली, पर सगळ्यांनी आयकलं. मी उठले, आन कन्नडमधी जे काय बोलले ते हितं लिवू नगा. घरी येऊन दोन दिवस तिला वाढलं न्हाई. जावंनं वाढलं.

आन आता हा उन्हाळा. टँकर चालू झाला, पाच वस्त्यांचा नंबर लावायचा. मी म्हणलं, आपली वस्ती पैली, हा टँकर मी आणलाय, माझ्या छातीवरनं आणलाय. तिनं आपली वस्ती पाचवी लावली. शेवटची! मी भांडले, ताट आपटलं. ती म्हणली, आई, पैली लावली तर लोक म्हणतील सरपंचाच्या आईची वस्ती हाय. शेवटची लावली तर कुणाला तोंड उघडता ईल का? मी म्हणलं, आन मी तोंड उघडलं तर? ती म्हणली, तू उघडच. तू उघडणार म्हणूनच शेवटपातुर पानी पुरवायची धास्ती ऱ्हाईल मला. आन नख खात गेली भायेर.

काल दुपारची गोष्ट सांगती, मग उठती, शेरडांचं बघायचं हाय. टँकर आमच्यात यायला तीन वाजलं. घागरी तापलेल्या, बायका तापलेल्या, सगळ्याजणी सरपंचाला शिव्या देत हुत्या आन सगळ्यांत मोठ्या आवाजात मी. ड्रायव्हर नवा, विट्याकडचा, तेला गावातलं काय म्हाईत न्हाई. नळी सोडता सोडता हसतोय आन म्हणतोय, मावशी, लय कडक हाय बगा ती तुमच्या गावची सरपंच पोरगी, चौथ्या वस्तीवर गाडी अडवून उभी हुती, म्हणली, पाचवीचं पानी टाकीत हाय का ते दावा, मगच वाट सोडती. कुणाची वो पोरगी ती?

जाऊ माझ्या शेजारीच हुती, घागर घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलं आन घागर नळीखाली सरकवली.

मी म्हणलं, आमा दोघींची हाय. जळतं मला अजून, ताई, बोर्ड बघितला की जळतंच. पर देवी तिला आयुष्य देऊ दे. आन पुढच्या बारीला जर बायकांसाठी सुटलं, तर काजलच्या अर्जाला डमी तूच व्हशील का, ते जावंला आत्ताच इचारून ठिवलंय.