काटापूजनाच्या दिवशीची ट्रायल

शबानाभाभी, शेठ, जिनिंगमधल्या भावांनो, बहिणींनो.

मी सुनंदा. काट्यावर गाड्या मोजते. माइकवर बोलायची सवय नाही मले. आज रडणार नाही. राग आला आहे, तो आधी सांगते.

या शोकसभेत माझ्या आधी बोललेल्या तिघांनी सांगितलं, सलीमभाई देवमाणूस होता. वा रे वा! देवमाणूस होता, तर त्याले गेटाबाहेर काहून काढलं? एवढा मोठा फोटो लावला, हार घातला. त्याच्या घरी फोटोले हार घालत नाहीत. त्याच्या बायकोले, आपल्या भाभीले, एकदा विचारायचं तरी होतं.

अख्खी आर्णी म्हणते, सलीमच्या प्रोग्रामनं देविदासचा हात खाल्ला. भाभीले हे भाजी घेता घेता ऐकावं लागते. म्हणून आज खरं काय ते ऐका.

आपल्या जिनिंगचा प्रोग्राम सलीमभाईनं लिहिला. प्रोग्राम एक, पण त्याच्यात कामं एकाच वेळी चालतात. एक वजन घेते, एक पावती छापते, एक कापसाचा पट्टा चालवते. अशा प्रत्येकाले तो थ्रेड म्हणे. मी एकदा विचारलं, लाल बटन दाबलं की नेमका पट्टाच कसा थांबते? तो म्हणे, "सुनंदाताई, थांबायचा इशारा मी पट्ट्याच्याच थ्रेडले पाठवतो. नुसता प्रोग्रामले पाठवला, तर कोणता थ्रेड झेलंल त्याचा नेम नाही." घरात कोणाचं नाव न घेता 'थांब रे' म्हटलं, तर भलताच पोरगा थांबते. तसं.

मग हंगामाआधी नागपूरचे कम्प्युटरवाले साहेब आले. त्यांनी प्रोग्राम म्हणे सुटसुटीत केला. इशारा आता पट्ट्याच्या थ्रेडले नाही, साऱ्या प्रोग्रामले. ट्रायल कधी घेतली? काटापूजनाच्या दिवशी, हंगामाच्या मुहूर्ताले! नारळ फोडला, पट्टा सुरू केला, शेठनं बटन दाबलं, पट्टा थांबला. टाळ्या. पेढे.

सलीमभाई एकटा म्हणे, "शेठ, आज पट्टा एकटाच चालू आहे. इशारा झेलायले दुसरं कोणी नाहीच. काट्यावर गाड्या लागू द्या, मग बटन दाबून पाहा."

अन् तुम्ही काय म्हटलं, शेठ? "मुहूर्ताले अभद्र बोलू नको." आठवते? हे समोरच्या खुर्च्यांवरचे सारे तिथंच होते. सारे हसले.

तो म्हणे तशी ट्रायल झालीच नाही. कापूस आला, गाड्यांची रांग लागली, सारी कामं एकदम सुरू. पट्ट्यावर काम करणाऱ्या देविदासची बाही पट्ट्यात गेली. बटन मी दाबलं. माझ्या डोळ्यासमोर काट्याचं वजन जागच्या जागी थांबलं, इशारा त्यानंच झेलला, अन् पट्टा चालतच राह्यला. मेन स्विच पाडेपर्यंत त्याचा हात गेलता. ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी बोट कोणाकडे? सलीमकडे. साहेब नागपूरले, फोन उचलत नाहीत. सलीम इथला, गरिबाचा, सापडला. तो देविदासच्या घरी गेलता, त्याच्या मायनं तोंडावर दार लावलं. तिचं काय चुकलं? तिले तुम्हीच सांगितलं होतं ना, सलीमची चूक आहे म्हणून! मग तुम्ही कामावरून काढल्यावर तो भावाच्या गॅरेजात खाली मान घालून बसे. डॉक्टर म्हणतात, हार्ट अटॅक आला. आला असंल. पण तुम्ही त्याले सुखानं जगू दिलं नाही, हे मी म्हणते.

अशा सभेत शेवटी उभं राहून मौन पाळतात. मी ते मागणार नाही. काटापूजनाले हसलेले सारे इतके महिने मौनच पाळून राह्यले. अजून किती पाळता?

सलीमभाई, माझा सलाम घे. शेठ, भाभी समोर बसली आहे. देविदास मागं दाराशी आहे. उठा, अन् दोघांच्या तोंडावर म्हणा, सलीमनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. उठा, शेठ. मौन त्याच्यानंतर पाळू.