पोरीला मी चोर समजले

माझं माहेर टोकावड्याकडं, मुरबाड तालुक्यात, मला दिली ती शहापुराला, आटगावच्या पुढं. थोडी भातशेती हाय, मालक आसनगावला गोदामात कामाला जातात नि मी गावच्या अंगणवाडीत मदतनीस, पोरांची खिचडी मीच शिजवते. काय सांगू तुमाला, गावची सगळी लेकरं माझ्या हातची जेवली नि पोटच्या पोरीला मी खाण्यावरून मारली.

कविता जन्मली तवा अंगात जोरच नाय, उचलली की मान एकीकडं नि हात एकीकडं, दूध ओढायची नाय, रडायची पण नाय. सासू बोलायची, गुणाची पोर हाय गो. मी चमच्यानं थेंब थेंब पाजायची. चालली ती तीन वर्सं पुरी झाल्यावर. देवाला एकच मागायची, माझ्या पोरीला पोटभर खाऊ दे.

नि पाचव्या वर्साला ती खायला लागली. पयलं मला आनंदच झाला, पण मग ती थांबेचना. जेवून उठली की परत हात पुढं, कच्चे तांदूळ खायची, म्हशीच्या पेंडीत हात घालायची, अंगणवाडीत दुसऱ्यांच्या ताटातली खिचडी ओढायची. बाया बोलायच्या, मदतनीस बाईचीच पोर चोर, घरी उपाशी ठेवतेस काय गो? ती लाज माझ्या डोक्यात बसली. मारायची मी, कोंडायची.

मग नणंदेला बघायला पाव्हणे आले, नि लाडवाचा डबा उघडला तर रिकामा. पाव्हणे गेले नि मी चुलीत उलथनं तापवलं, तिच्या हाताला लावलं. ती ओरडलीच नाय. नुसती बघत राहिली माझ्याकडं. मला वाटलं, बघा किती निगरगट्ट, म्हणून परत लावलं. दोनदा लावलं, दोनदा.

जखम चिघळली, शहापुरात दवाखान्यात नेली, चुलीवर पडली बोलले मी. तिथल्या डाक्टरीण बाईंनी हात बघितला, मग सगळी पोरच बघितली, तिचे बारके पंजे, तिचं अंग, बोलायला कवा लागली, दूध कवा ओढलं, सगळं इचारलं नि मुंबईला रक्त तपासायला धाडली. मुंबईचे डाक्टर बोलले, आजार जन्माचा हाय, लय कमी पोरांना होतो, पोट भरल्याचं तिच्या मेंदूला कळतच नाय, जेवली तरी ती उपाशीच असते. नि बोलले, अशा पोरांना दुखल्याचं पण कमी कळतं. मी तिथंच खरं सांगितलं, उलथन्याचं.

मग शाळेत खास पोरांना शिकवायला बाई येतात, त्यांनी मला पण शिकवलं. खाणं मोजून नि ठरल्या टाइमाला, स्वयंपाकघराला कुलूप, नि ओरडायचं नाय. क ख ग यायला तिला दोन वर्सं गेली, अजून बेरजेत अडकते, पण चित्राचे तुकडे जोडायला द्या, सातवीच्या पोरांच्या आधी जोडते. बाई बोलल्या, आई, तिला शिकता येतं, तिच्या चालीनं.

गेल्या पावसाळ्यात मी लावणीला गेले नि कुलूप लावायची इसरले. धावत आले, मनात बोलले, आज सगळं संपवलं असंल. तर ही ओटीवर, स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली, घामानं भिजलेली. मला बघितलं नि रडायलाच लागली. बोलली, आये, लवकर कुलूप लाव गो, माझ्यानं नाय राहवत. मी तिला पोटाशी धरली. माफी मागितली तर ती बोलली, कसली?

आता अकरा वर्सांची हाय. तुमी लिवताय तर उलथन्याचं पण लिवा, गाळू नका, माझी लाज ठेवू नका. कुठली तरी आई वाचंल नि तिचा हात थांबंल. तुमच्या लेकरांना देव सुखी ठेवो. उठते आता, तिची जेवायची वेळ झाली, तिला वाट बघायला लावायची नाय.