गोळी घेतली का, मावशी?

अगं थांब, दंडाला पट्टा नको बांधूस — घेतलीय मी गोळी. हो, लोहाचीच, उठल्या उठल्या, लिंबूपाण्याबरोबर. आता तू म्हणशील, मावशी, आदल्या दिवसापासून बंद ठेवा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की. दिलं होतंस. शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवलीय मी ती, येता-जाता दिसते — पण हाताला सवय लागलेली, त्याला कोण काय करणार? गोळी घेऊन रक्त दिलं की लोहाचा आकडा उगीच चढलेला दिसतो, खरं काय ते कळत नाही — बघ, पाठ आहे मला. तर आज नकोच. परवा येते.

अशी काय बघतेस? तिसरी वेळ आहे, माहितीय. पहिल्यांदा खरंच विसरले होते, शपथ! तू परत पाठवलंस, आणि दुसऱ्या दिवशी आले तर शीर सापडेना, तेव्हा माझा हात दोन्ही हातांत धरून चोळत बसलीस — किती गार पडलाय म्हणालीस, घरी कोण कोण असतं विचारलंस. मी म्हटलं, घर भरलेलं आहे. आहेच भरलेलं, लोकांच्या कपड्यांनी! दिवसभर बायका येतात, मी मापं घेते — खांदा, दंड, कंबर — सगळ्यांना माझा हात लागतो, मला कुणाचा लागणार? लेक फोन करते रविवारी, नाही असं नाही. ‘आई, बरी आहेस ना?’ — उत्तर आतच घालून विचारते, मग मी काय बोलणार, बरी आहे म्हणते. गोळी घेतली का, एवढं आपलं तूच विचारतेस. म्हणून मग दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदाचं सोड.

डॉक्टर काय म्हणाले माहितीय? या वेळी आकडा चांगला आला की गोळ्या बंद, लॅबमध्ये वर्षभर यायला नको. वर्षभर! आणि येणारच गं चांगला — जिना चढताना धाप लागत नाही आता, नखं गुलाबी झालीत, बरी झालेय मी, मेली. थांब, डोळ्यात काहीतरी गेलं, रुमाल काढते — अगं, राहू दे, कशाला वाकतेस, बटण पडलं असेल कुठलंतरी, माझ्या पर्समध्ये बटणंच बटणं —

नाही. बटण नाही ते. आजची गोळी आहे. तोंडात टाकायला काढली होती, मग म्हटलं, मागच्यासारखी मुद्दाम गिळून, रक्त काढून झाल्यावर सांगून तुझी सुई फुकट घालवायची, सगळं काम वाया — त्यापेक्षा नुसतं खोटं बोलावं. पोटात काही नाहीये माझ्या, पाण्याशिवाय. बांध पट्टा.

रागावलीस? आज शीर लगेच सापडली, नाही? चोळावासुद्धा लागला नाही हात.

झालं? दे तो कापूस, मी दाबते, येतं मला — नाही, तूच धर. जरा वेळ. रक्त थांबलंय, दिसतंय मला. तरी धर.

...

हं. सोड आता. बोलाव पुढच्याला, खोळंबलेत बाहेर.