नानांनी स्वतः दिलेलं उत्तर

मंडळी, इंगोलश्टाटच्या या थंडीत तुम्ही सगळे आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. पण नाना माझे सासरे. सुनेनं बोलायला हवं.

साताऱ्यात नानांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं. इथे जर्मनीत आमच्याकडे आल्यावर म्हणाले, "या वयात जर्मन काही जमायचं नाही. पण इंग्रजी अर्धंमुर्धं येतंय, ते पक्कं करतो." आणि लागले की मागे! रोज नाश्त्याला एक अवघड शब्द. रात्रीच्या जेवणापर्यंत तो कुणावर तरी वापरायचा. वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, म्हणायचे. तुमच्यातलं कोण सुटलंय त्यांच्या तावडीतून? माझ्या आमटीला 'पॅलेटेबल' म्हणाले. मी खूश! मग अर्थ बघितला. खाण्याजोगी! अहो, एवढंच?

मग हे आजारपण. फुप्फुसं थकली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला, समीरला, बाजूला घेऊन जर्मनमध्ये विचारलं, वेळ आली तर व्हेंटिलेटर लावायचा का? मुलानं बापाबद्दल हो म्हणायचं की नाही म्हणायचं? काय म्हणायचं, सांगा ना?

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. इंग्रजीत. "डॉक्टर, मी इथे आहे. मला विचारा."

बाईंनी विचारलं. नाना म्हणाले, "नो मशीन. अनइक्विव्होकली."

बाई अडखळल्या. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. नानांनी धापा टाकत, पण अगदी मास्तरासारखा समजावून सांगितला. म्हणजे ज्यात शंकेला जागाच नाही, असं. बाईंनी तो पुन्हा म्हणून पाहिला. नानांनी उच्चार सुधारला! आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मृणाल, आजचा वापरून झाला बरं का."

पुढच्या आठवड्यात ते गेले. त्यांचा हात आमच्या हातात होता. नळ्या नाहीत, ओढाताण नाही.

मंडळी, रडू येतंच. पण मला हायसं वाटतंय, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांचे हाल संपले. आणि तो निर्णय त्यांनी आमच्या गळ्यात टाकला नाही.

आता सगळे जरा वेळ शांत उभे राहू या.

नाना, तुमचा समीर रात्री शांत झोपतो. नमस्कार करते.