एस्तुपेंदो म्हनलं अन् फसली

नाई वो म्याडम, अर्धा हार टाकून माझ्या ओट्यावरून कोनी जात नसते — बसा, त्या उलट्या पाटीवर बसा. तुमचे हेडसर काई हाराबिगर रिटायर होत नाईत. शेवंती आज सकायचीच हाय, पाहा कशी कडक हाय... अन् तुमी आयकलं ते खरंच हाय. चाल्ली मी. स्पेनले. येत्या मंगयवारी. सारा बजार म्हनून राहिला, पार्बताबाईचं नशीब उघडलं, अकोला सोडून अमरावतीच्या वरतं कदी गेली नाई अन् आता इमानात बसते. मी बी म्हनते, व्हय बाप्पा, उघडलं.

कशी काय म्हंजे? येका शब्दानं चाल्ली. माझा ललित, येकटाच पोरगा, तिकडं इंजिनेर. तिथलीच बायको केली, मार्ता नाव तिचं. पोरगी गुनाची हाय, खोटं काहून बोलू. पयल्या डावा फोनवर दाखवली — आई, कशी हाय? म्या म्हनलं, बरी हाय. आता तुमीच सांगा म्याडम, आपल्या इकडं याच्या वरतं काई हाय काय? माझ्या सासूनं मले पाह्यलं, 'बरी हाय' म्हनलं, त्यावर मी जलमभर तरली! पुरनपोई केली — बरी झाली. पोरगा पास झाला — बरं झालं. तोंडावर वानलं का मानूस शेफारते. आमचे मालक त जाईपर्यंत मले कदी चांगलं म्हनले नाईत, अन् मले काई त्याचं वाटलं नाई — वाटलं असन येखांद्या डावा, जाऊ द्या. तर ह्या ललितनं ते तिले तिच्या भाषेत सांगतलं, अन् पोरगी रडाले लागली. सासूले मी पसंत नाई म्हने! ललितले ठावकं नाई का, आपल्या घरात 'बरी' म्हंजे काय? ठावकं हाय ना. पन तोच तिच्याहून जास्त फुगला. पूरा उन्हाया फोन नाई. मी इथी फुलाईच्या पाटीत फोन ठेवून बसे, पानी मारू का फोन सांभायू.

मंग बैलपोयाच्या दिवशी फोन आला. ललित म्हने, आई, येक शब्द शिक, सारं ठीक होईन — एस्तुपेंदो. म्हंजे? म्हंजे लय मस्त, येक नंबर. शिकली मी. हार ओवता ओवता शिकली — 'ए' म्हनून येक शेवंती, 'स्तु' म्हनून दुसरी, मंग 'पें', मंग 'दो', अन् मधात पान. गिऱ्हाईक इचारे, मावशी, हारावर मंतर मारून राहिली काय? ललित म्हने, तोंड पाडून नको म्हनू, डोये मोठे कर, 'पें'वर जोर दे. केले डोये मोठे! तिनं दगडावानी पाव दाखवला — एस्तुपेंदो! कुत्रं गादीवर लोयून राहिलं — एस्तुपेंदो! अक्खा मासा, ताटातून मलेच पाहून राहिला, मी उपासतापासाची बाई — तरी एस्तुपेंदो! पोरगी अशी हासे, म्याडम, असे हात जोडे. दर रविवारी फोन. ललित? असते ना. बाजूले बसते, कंपूटरवर. बोलत नाई जास्त. पन दिसते... कान दिसते त्याचा.

अन् मंग येका रविवारी तिनं खोली दाखवली. पलंग, नवी चादर, खिडकी, भिंतीवर माझाच फोटो. मले वाटलं घर सजवलं पोरीनं. एस्तुपेंदो! तिनं माझ्याकडं बोट केलं, पलंगाकडं बोट केलं — एस्तुपेंदो! अन् ती रडाले लागली, या डावा खुशीनं. ललित म्हने, आई, बरं झालं तू हो म्हनली, कायमची इकडंच ये, मी तिकिट काढतो. मी कवा हो म्हनली? तोंडातल्या तोंडातच राह्यलं. चार महिन्यासाठी नाई वो म्याडम, फिराले नाई — कायमचं! ओटा वर्षालीले दिला, माझ्या पुतनसुनीले. घराची किल्ली बी तिलेच. अन् तिथी मी काय करू? ना बजार, ना गिऱ्हाईक, ना भांडाले कोनी. चहा पायजे — एस्तुपेंदो. कंबर दुखून राहिली — एस्तुपेंदो. मेली तरी तिकडचे लोक म्हनतीन, म्हतारी खुशीत गेली! हासू नोका. मले रात्री झोप लागत नाई, म्याडम. जीव घाबरते माझा.

सांगून टाका म्हनता — कसं सांगू? दुसरा शब्दच नाई ना माझ्यापाशी. तुमी शिकेल बाई, मोबाईल हाय हाती, पाहा बरं त्याईच्या भाषेत 'नाई'ले काय म्हनतात. पाहा, तवर मी गाठ मारते. मोठा असन त तुकडे करून सांगा, मी घोकते — मंगयवारपर्यंत होते पाठ...

काय? नो? नोच? नीट पाहा वो. ते इंग्रजीतलं असन — नाई? त्याईच्यात बी नोच?

हे त मले येते. हे त शेंबड्या पोट्ट्याले बी येते.

म्हंजे... पलंगाकडं बोट केलं तवा बी येत होतं मले. मंग म्या काहून— नाई पन म्याडम, नो म्हनलं अन् पुन्हा फोनच नाई आला त? अं? त मंग मी कोनाची आई?

घ्या. हार घ्या. पैसे वर्षालीपाशी द्या. नाई, आता काई सांगू नोका मले, काई बी नाई. तुमचे सर खोयंबले असतीन. जा, म्याडम. जा म्हनलं ना.